हात आधी ओले कर

हात आधी ओले कर.
गळ, दोरी, रीळ, ते सगळं नंतर.
ही जी बुळबुळ तुला किळसवाणी वाटते ना,
तो त्याचा रेनकोट आहे.
कोरड्या हाताने पुसलास की आठवड्यात बुरशी धरते.

मी डोरीन स्पीचली. फाटकाची किल्ली माझ्याकडे.
इथून पूर्वी खडी निघायची, पीटरबरोच्या रस्त्यांसाठी.
पंप थांबले, पाणी आपल्या पायांनी आलं,
आणि मासे माझ्या नवऱ्याने आणले,
बोटाएवढे, दुधाच्या कॅनमधून, मला न विचारता.

तू बोगुमिल. कोबीच्या पॅकिंगमधला.
आणि ही यागोदा. वय नऊ, बूट बापाचे.
बरं.

गळावर बोट फिरव. उलटा काटा नाही.
दाणा गळात ओवायचा नाही,
केसाएवढ्या दोऱ्यावर बाहेर लोंबता ठेवायचा.
कार्प चाखतो, थुंकतो, पुन्हा चाखतो,
संशयी म्हातारीने कालचं दूध चाखावं तसा.
गवताकडे टाक. इतक्या लांब नको, जोर कोणाला दाखवतोस?
आता बस.
नाही, अजून काही करायचं नसतं. बसायचं असतं.

शिजवतात कसा, म्हणून विचारलंस ते बरं केलंस.
आमच्यातले विचारत नाहीत, रात्री पोतं घेऊन येतात.
इथे शिजवत नाहीत. इथे परत जातो.
तू मान हलवलीस,
पण पटलं नाही ते मला कळलं.

मग पाण्याकडे बघत तूच बोललास:
डिसेंबरात घरच्या बाथटबमध्ये तीन दिवस कार्प असायचा.
कोणी अंघोळ करायचं नाही.
तू काठावर बसून त्याला शाळेतलं सांगायचास.
नाव ठेवलं होतंस, फ्रानेक.
चौथ्या दिवशी आईने रेडिओ मोठा केला.
"चव कशी होती?" यागोदाने विचारलं.
"चांगली," म्हणालास. खोटं नाही बोललास, ते मला आवडलं.
पाकिटातून खवला काढून दाखवलास,
नखाच्या तुकड्यासारखा, पिवळा पडलेला.
वर्षभर पैसे टिकतात म्हणे.
टिकले का, ते मी विचारलं नाही.

चार वाजून गेले होते. अलार्म किंचाळला.
पोर उठायच्या आत छडी कमान झाली.
ओढू नकोस गं! जाऊ दे त्याला. आता घे. जाऊ दे.
तुझ्याहून जड आहे, भांडू नकोस, बोलत राहा त्याच्याशी.
कोणत्या भाषेत? कोणत्याही.

जाळ्यात आला तेव्हा मी ओळखला.
डाव्या कुशीवर खवल्यांची एकच रांग,
घाईत घातलेल्या टाक्यांसारखी.
याला आम्ही शिवण म्हणतो.
दोन वर्षांपूर्वी एका दंतवैद्याला दिसला होता, त्यानंतर कोणालाच नाही.
दुधाच्या कॅनमधला आहे हा.
बोगुमिल, तुझ्याहून तीन वर्षांनी थोरला.

चटई भिजव. अजून. गुडघ्यावर बस,
उभं राहून मासा धरतात ते मूर्ख.
ओठाला औषधाचा थेंब लाव. फोटो एकच,
तोही पोर कॅमेऱ्याकडे बघत नसताना आला.
वजन नको. वजनाने काय होतं?

आता पाण्यात, सरळ, पोटाखाली हात.
धरायचं नाही, टेकू द्यायचा.
कल्ले बघ. तो स्वतः ढकलेल तेव्हा सोडायचं.

त्याने ढकललं.
तू सोडला नाहीस.
सोड, म्हटलं मी.
पाणी तुझ्या कोपरापर्यंत होतं, बाही भिजत होती,
ओठ हलत होते, पोलिश मला येत नाही.
सोड रे बाबा.

शेपटीचा एक फटका, आणि आम्ही तिघं ओले.

"त्याला आठवेल का?" यागोदाने विचारलं.
दंतवैद्याला विचार, म्हटलं मी,
कारण खरं उत्तर मला ठाऊक नाही,
आणि नवऱ्याला ठाऊक असतं तर त्याने सांगितलं नसतं.

चटई झटका, टांगा, जाळं उन्हात वाळू दे.
शनिवारी फाटक सातला उघडतं.
आणि तिचे स्वतःचे बूट आण.